फ्रीझरमधला गुलाब

बांगडा काढायला झाकण उघडलं
तर वरच गुलाब.
माशाच्या खवल्यांचा, नव्वदेक पाकळ्यांचा,
प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला.
खाली बांगडे,
त्यांच्या डोळ्यांवर बर्फ.

"हात लावू नकोस," आतून देओलिंडा,
"अजून नऊ दिवस आहेत त्याचे."

घरात काहीही आलं
की आधी पंधरा दिवस गारठ्यात.
जे कधीकाळी जिवंत होतं
त्याला कीड कधीही लागू शकते, म्हणते ती.
मी हळूच माझ्या गुडघ्याकडे बघतो.

आमच्या या फ्रीझरात बरेच जण राहून गेलेत.
एक फुगा मासा, पोटात बल्ब बसवलेला.
समोरच्या पिको बेटावरच्या पाद्र्याच्या बहिणीने
स्वतःच्याच केसांचा विणलेला हार,
अर्धा काळा, अर्धा पांढरा,
कारण मधली तेवीस वर्षं
ती विणत होती हेच विसरली होती.
अंजिराच्या गाभ्यातून कोरलेलं गलबत,
भेंडासारखं हलकं,
शिडाचे दोरसुद्धा गाभ्याचेच,
एक शिंक पुरे बुडायला.
आणि शिंपल्यांनी मढवलेली चप्पल, डावी.
उजवी तेर्सेइरात एका दंतवैद्याकडे आहे.
तो विकत नाही, ही विकत नाही,
नाताळला दोघं एकमेकांना कार्ड पाठवतात.

देवमाशाच्या दातांवर कोरलेली जहाजं
बंदरावरच्या दुकानात मोठ्या भावाने जातात.
त्यांच्यापुढून ती मान वळवून निघते.
वास येतो, म्हणते.
दाताला कसला वास?
वास तिच्या बापाच्या कोटाला होता.

हा गुलाब मिळाला फेतैरातल्या एका बंद घरात.
नात आली होती फॉल रिव्हरहून, घर विकायला.
राखेच्या वर्षी आजी गेली अमेरिकेला
तेव्हा ट्रंकेत मावला नव्हता म्हणे.
नातीला वाटलं, प्लास्टिकचा असेल.
चार युरो, आणि फेरीपर्यंत तिला गाडीने सोडायचं,
एवढ्यावर सौदा.
गाडी मी चालवली.
मागच्या सीटवर देओलिंडा,
मांडीवर काचेचा घुमट,
वळण आलं की श्वास धरून.

रात्री दिव्याखाली भिंग घेऊन बसली.
"एर्मिनियु, हे बघ."
खवल्यावर वर्तुळं असतात, झाडाच्या बुंध्यासारखी,
वर्तुळांवरून माशाचं वय कळतं.
तिने मोजली: सात. पाच. सात. परत सात.
आत आत जाताना चार, तीन,
आणि अगदी गाभ्यात
एक वर्षाचं कुणीतरी.
करणारीला हे ठाऊक होतं,
का नुसतेच मोठे खवले बाहेर लावले, छोटे आत?
यावर आम्ही पावणेबारापर्यंत भांडलो.

मी चाळीस वर्षं बोटीवर काढली.
खवले नखांनी खरवडायचो, साबणाने, वाळूने,
तरी कुठे ना कुठे उरायचेच.
लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात
तिने माझ्या कानामागून एक काढला,
उन्हात धरून पाहिला,
आणि मूठ मिटली.
मग कुठे टाकला, मी विचारलं नाही.
आज विचारावं असं वाटलं,
पण ती आत फोनवर होती,
कुणाला तरी सांगत होती
की शहामृगाचं अंडं तडकलेलं असेल
तर निम्मी किंमत,
आणि घंटी वाजत असेल तर पूर्ण.

दोन बांगडे काढले.
वाटाण्याची पिशवी जरा सरकवली,
गुलाबाची एक बाजू दबत होती.
झाकण लावलं.